हसू कुणाच्या मालकीचं?

एखादा चित्रपट मुद्दाम भडक केलेला आहे, त्यात रॉकची दणदणीत गाणी आहेत, जाळीदार मोजे आणि उंच टाचांचे बूट घातलेला पुरुष त्यात धुमाकूळ घालतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. एवढ्यावर तो विनोदी चित्रपट म्हणून जमला, असं म्हणायचं का? प्रश्न गमतीचा वाटतो, पण इथे त्यात एका मुलाची अब्रू अडकली आहे. बदलापूरला कात्रपमध्ये राहणाऱ्या भाचीच्या मित्रमंडळींना 1975चा ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ एकत्र बघायचा आहे. पडद्यावर चित्रपट चालू असताना पडद्यापुढे काही जण तीच पात्रं वठवणार आहेत. मुख्य भूमिकेसाठी एक मुलगा तयार झालाय. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून टिकल्यांचं कापडही आलंय. अंबरनाथला राहणारे, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले तिचे मामा मात्र अस्वस्थ आहेत.

मामा : कापड बघितलं. असंच मशीनखाली घातलंस तर सुई तुटेल.

भाची : शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या आधी काढून घ्याव्या लागतात, मामा. एकेक उसवून. दोन दिवस तेच चाललंय.

मामा : एवढी मेहनत कशासाठी? लोकांनी त्या पोराला हसावं म्हणून?

भाची : लोकांनी हसावं म्हणून. त्यालाच हसावं असं कुठे आहे?

मामा : हा फरक बोलायला सोपा आहे. मी तमाशापट बघत मोठा झालो. गणपत पाटील नाच्या होऊन पडद्यावर आले, कमरेवर हात ठेवून ‘आत्ता गं बया’ म्हणाले, की थिएटर फुटायचं. मीही हसायचो. पण ते हसू थिएटरात थांबलं नाही. त्या माणसाच्या पाठीमागे रस्त्यावर गेलं, घरापर्यंत गेलं. भूमिका नटाची, शिक्षा माणसाला. विनोद तर शंभर टक्के जमला होता ना? मग त्याला यश म्हणायचं?

भाची : ‘नटरंग’मध्ये तेच दाखवलंय. अतुल कुलकर्णींचा गुणा नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवतं.

मामा : आनंद यादवांच्या कादंबरीवरचा चित्रपट आहे तो. कादंबरी वाचताना मला एकदाही हसू आलं नाही. म्हणून म्हणतो, तुझा तो मुलगा टाचांचे बूट घालून उभा राहील आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कुणीतरी त्याला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवेल. डब्यातल्या टोमण्यांना मध्यांतर नसतं.

भाची : भीती खरी आहे. पण मामा, म्हशाच्या जत्रेतला तमाशा तुम्हीच मला सांगायचात. त्यातली गवळणीची मावशी आठवा. तीही पुरुषच.

मामा : मिशी काढल्याची हिरवी रेघ पावडरमधून दिसायची.

भाची : लोक तिला हसायचे?

मामा : (थोडा विचार करून) नाही. तिच्याशी वाद घालायला जो पुढे येईल, त्याला हसायचे. गवळणींची वाट अडवणारा कृष्ण असो की पेंद्या, मावशीपुढे कुणाचं चालायचं नाही. समोरच्याला किती बोलू द्यायचं आणि कुठल्या शब्दावर कापायचं, ते तिच्या हातात.

भाची : मग फरक तिथेच आहे. नाच्याला लोक बघतात आणि हसतात. मावशी लोकांना हसवते. हसू कधी येणार ते ती ठरवते. ते तिच्या मालकीचं आहे. रॉकी हॉररमधला डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर मावशीच्या कुळातला आहे. ब्रॅड आणि जेनेट हे नुकतंच लग्न ठरलेलं, सभ्य, चौकटीतलं जोडपं. पावसात गाडीचं चाक पंक्चर होतं, म्हणून फोन करायला ते त्याच्या वाड्यावर येतात. तो लिफ्टमधून खाली उतरतो तेव्हा अवघडतात ते दोघं. आपण हसतो ते त्यांच्या अवघडण्याला.

मामा : आणि त्याच्या सौंदर्याचं काय? बालगंधर्व स्त्री होऊन उभे राहायचे तेव्हा कुणी हसत नसे. बायका त्यांच्यासारखं पातळ नेसायला शिकायच्या. तिथे विनोद नव्हता, कारण भक्ती होती.

भाची : फ्रँक झालेला टिम करी मावशी आणि बालगंधर्व यांच्या मधे उभा आहे. मावशीसारखा हजरजबाबी, आणि तरी स्वतःच्या देखणेपणावर त्याचा पूर्ण विश्वास. तो वेशाची टिंगल करत नाही, वेश मिरवतो. त्याने एकदा जरी प्रेक्षकाकडे बघून ‘बघा, मला हे घालायला लावलंय’ असा चेहरा केला असता, तर सगळा डोलारा कोसळला असता.

मामा : पण सगळं ठरवून वाईट केलंय, हे तर दिसतंच. सूझन सोंटॅगने 1964च्या तिच्या निबंधात म्हटलंय की असला भडकपणा नकळत झाला तरच त्यात खरी गोडी. मुद्दाम केलेला फिका पडतो.

भाची : कथा मुद्दाम स्वस्त आहे, गाणी नाहीत. रिचर्ड ओब्रायनने ती रॉकवरच्या प्रेमातून लिहिली. चित्रपट व्हायच्या आधी, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या नाट्यगृहात 1973 साली ती पहिल्यांदा वाजली, तेव्हापासून ती नुसती ऐकायलाही चांगली आहेत. आपल्याकडच्या विनोदी सिनेमात डिस्को आला की बहुतेक वेळा त्याची नक्कल येते. इथे गाणं खरं आहे.

मामा : हे मला पटतं, कारण आपल्याकडे हे घडलंय. 1978मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. ब्रेख्तच्या नाटकाचं रूपांतर. त्यात नंदू भेंडे होते. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास केलेले, अस्सल रॉक गायक. तमाशाच्या मांडवात रॉक शिरला, आणि गंमत म्हणून नाही, आपल्या हक्काने. भेंडे मनापासून गायचे, म्हणून उपहासाला धार यायची.

भाची : मग तुमचा आक्षेप संपला?

मामा : खरा आक्षेप आता सुरू होतो. तू म्हणतेस, हसू फ्रँकच्या मालकीचं. मान्य. पण तो अंधारात आधी जेनेटच्या, मग ब्रॅडच्या खोलीत शिरतो, त्यांचा जोडीदार असल्याचं सोंग करून. ओळख पटते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि चित्रपट ते हसण्यावारी नेतो. मालकी त्याचीच आहे ना? मग हे तुझ्या कसोटीला उतरलं?

भाची : (बराच वेळ गप्प) नाही. तिथे माझी कसोटी अपुरी पडते. मालक बदलला म्हणून हसू न्याय्य होत नाही. मावशी ज्यांची फजिती करते ते दांडगे असतात, आडवे येणारे असतात. इथे मार बसतो तो फसवल्या गेलेल्यांना. वाड्यात येईपर्यंत ते दोघं चौकटीचे राखणदार होते. त्या खोल्यांत ते फक्त असहाय आहेत. विनोद तिथे नापास होतो. आणि एडी नावाच्या पात्राला बर्फाच्या कुऱ्हाडीने मारतात, तिथेही.

मामा : शेवटही बघ. फ्रँक एक केविलवाणं गाणं म्हणतो आणि त्याचीच माणसं त्याला मारतात. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात विनोद आटलेला असतो.

भाची : तो दोष मला मोठा वाटत नाही. ज्याला आपण तासभर हसत बघितलं, त्याच्यासाठी जीव तुटला, म्हणजे आपण त्याला हसत नव्हतो याचा तो पुरावा आहे. गणपत पाटलांच्या नाच्यासाठी कुणाचा जीव तुटावा, अशी सोय तमाशापटांनी फारशी ठेवली नव्हती.

मामा : तरी घरात एकट्याने बघितला तर चित्रपट ओढाताणीचा वाटतो. मी बघितलाय. दोनदा डुलकी लागली.

भाची : कारण तो एकट्याने बघायचा नाहीच. पहिल्या प्रदर्शनात तो आपटला. 1976च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि हळूहळू लोक पडद्याशी बोलायला लागले. लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळायचे, जेनेट पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरते तेव्हा प्रेक्षकांनीही धरायचं. ब्रॅड-जेनेटची नावं आली की आरडाओरडा करायचा.

मामा : म्हणजे मंगलाष्टकांसारखं. भटजी म्हणतात, पण ‘सावधान’ला अक्षता आपण टाकल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

भाची : तसंच. त्या संवादांच्या मधल्या अवघडलेल्या शांतता घरी कंटाळवाण्या वाटतात. गर्दीत त्या भरून निघतात. आणि गर्दी नुसती टाळ्या वाजवत नाही, चित्रपटाला टोकते, शिव्या घालते.

मामा : तर मग माझा निकाल ऐक. विनोदी कथा म्हणून हा चित्रपट अर्धवट आहे. विनोदाचा प्रयोग म्हणून तो जमतो, पण तिथे जमलेली माणसं जबाबदारी घेणार असतील तरच. तमाशातही मावशीला मांडव साथ देतो तेव्हाच ती मावशी राहते. नाहीतर तिचा नाच्या व्हायला वेळ लागत नाही.

भाची : मग करायचं की नाही?

मामा : ते ना मी ठरवायचं, ना तू. त्या मुलाला विचार. आणि विचारताना लोकलमधल्या व्हिडिओचंही सांग, गोड बोलून लपवू नकोस. तो हो म्हणाला तर कुठे थांबायचं, काय गाळायचं, हे त्याच्या हातात असू दे. मोबाइल दाराशी जमा करून घ्या.

भाची : आणि त्या दोन खोल्यांच्या दृश्यांना पडद्यापुढे कुणी उभं राहणार नाही. ती चित्रपटाने एकट्याने निस्तरावीत. तिथे आम्ही हसणार नाही, आणि का हसत नाही ते खेळ सुरू व्हायच्या आधी सांगू.

मामा : सांगा. विनोदाला यश आलं की नाही हे हशाच्या आवाजावरून कळत नाही. ज्याने हसवलं तो दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत ताठ मानेने फिरू शकला पाहिजे. गणपत पाटलांना आपण ते देऊ शकलो नाही. या पोराला देता येत असेल तर चित्रपट जमला म्हणेन, आणि तुम्हीही जमलात.