पाहणाऱ्याचा अधिकार

'प्रेक्षणीय' म्हणजे पाहण्यास योग्य. आपल्या प्रवासवर्णनांत व मार्गदर्शिकांत हा शब्द इतक्या सढळ हाताने वाटला जातो, की त्यातील 'योग्य' या अंशाकडे कोणाचे लक्षच जात नाही. स्थळ आपल्या दृष्टीस पात्र आहे की नाही, याचा निकाल प्रवासी मोटारीतून उतरण्यापूर्वीच लावून टाकतो. आपली दृष्टी त्या स्थळास पात्र आहे की नाही, हा उलट प्रश्न मात्र त्याच्या मनास शिवत नाही. आपल्या शास्त्रकारांस असा प्रश्न अपरिचित नव्हता. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन व संबंध यांच्याबरोबर 'अधिकारी' कोण, हेही ते सांगून ठेवीत. ग्रंथास जर अधिकारी वाचक लागतो, तर देवगिरीच्या दुर्गास, वेरुळच्या कैलासास आणि अजिंठ्याच्या भिंतींस अधिकारी प्रेक्षक नको काय?

हा प्रश्न विचारताच एक गंभीर आक्षेप समोर उभा राहतो, आणि त्यास बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'अधिकार' या शब्दाचा आपल्या समाजातील इतिहास निर्मळ नाही. छत्रपती संभाजीनगराहून वेरुळकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत प्रथम देवगिरीचा डोंगर लागतो. यादवांची ही राजधानी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने तिच्यावर स्वारी केली, आणि १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली. चोहोबाजूंनी तासलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, आणि शत्रू आत शिरलाच तर काळोखात त्याचा निकाल लागावा म्हणून केलेली 'अंधारी' ही वाट, हे सारे पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरुळची लेणी पाहण्यास निघाले असता याच किल्ल्यापाशी थांबले. अंगावर प्रवासाची धूळ होती, म्हणून मंडळींनी दाराबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटविले अशी ओरड झाली. अखेरीस, आत कोठेही पाण्यास हात लावावयाचा नाही अशा अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, त्यांस किल्ला दाखविण्यात आला. ओरड करणारे मुसलमान होते. त्यापूर्वी चारच वर्षे, १९३० साली, नाशिकास काळाराम मंदिराचे दार अडविणारे हिंदू होते. अडविणाऱ्यांचा धर्म निराळा, अडवणुकीचे कारण एकच. शत्रूस रोखण्यासाठी जो दुर्ग रचला, त्यात इतिहास पाहावयास आलेल्या पाहुण्यांस शत्रूप्रमाणे पहाऱ्यात फिरावे लागले.

तेव्हा पाहण्याचा अधिकार जन्मावरून ठरत नाही, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु यावरून काही जण असे अनुमान काढतात, की पाहण्यास अधिकार म्हणून काही लागतच नाही. ज्याने तिकीट काढले त्याने वाटेल तसे पाहावे. हे अनुमान मला मान्य नाही. बंदी अन्यायाची होती म्हणून बेबंदपणा न्याय्य ठरत नाही.

वेरुळचा कैलास या बाबतीत आपणास बरेच शिकवू शकेल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, हे देवालय डोंगरातून वरून खाली कोरीत आणले. बांधणारा कारागीर चुकलेला दगड काढून दुसरा बसवू शकतो. कोरणाऱ्यास ती सोय नाही. छिन्नीच्या घावाने जे एकदा निखळले ते पुन्हा जागेवर येत नाही. प्रत्येक घावामागे जो संयम उभा असेल, त्याची कल्पना केली तरी मन नम्र होते. करणाऱ्यावर जे बंधन होते तेच पाहणाऱ्यावरही आहे, कारण त्याच्या हातून जे निखळेल तेही परत यावयाचे नाही.

हे बंधन न ओळखल्यास काय होते, ते अजिंठ्यास दिसते. १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला, आणि दहाव्या लेण्यातील चित्रित स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा ढीग साचलेला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून ती अक्षरे आज आपल्या डोक्याच्या वर दिसतात. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि या दात्याचेही नाव आहे, आणि सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा दानलेख आहे. नावे कोरणारे तिघेही. परंतु दोघे 'मी दिले' असे सांगतात, आणि तिसरा केवळ 'मी आलो' एवढेच सांगतो. छायाचित्रात स्वतःस पुढे व लेण्यास मागे उभे करणारा आजचा प्रवासी भिंतीस ओरखडा काढीत नसला, तरी वाक्य तेच उच्चारीत असतो.

कोणी म्हणेल की हा दोष अरसिकांचा. रसिकाच्या पाहण्याने कोणाचे काय बिघडते? दुर्दैवाने तसेही नाही. या चित्रांच्या प्रती काढणाऱ्यांचे त्यांवर प्रेमच होते. पण रंग उजळ दिसावेत म्हणून दिलेले वार्निश पुढे पिवळे पडले व चित्रे काळवंडली. फार काय, भिंतीसमोर तल्लीन होऊन उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासातील दमटपणाही चित्रांस बाधतो. म्हणजे निर्दोष दर्शन असे नाहीच. प्रत्येक पाहणारा पुढच्याच्या वाट्यातून काही ना काही खर्च करतो.

मग लेणी बंद करावीत काय? तसे केल्यास देवगिरीचा अन्याय निराळ्या नावाने परत येईल. प्रवेशाचे मोल भरमसाट वाढवावे, तर दहादा येणारा धनिक मोकळा राहील, आणि जन्मातून एकदाच एस. टी. ने येणारे शेतकरी कुटुंब तेवढे वगळले जाईल. त्यापेक्षा सर्वांवर सारखी पडणारी बंधनेच मला न्याय्य वाटतात. आज अजिंठ्यास मोटारी सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे ठरावीक बसने जावे लागते, आणि चित्रांवर छायाचित्राच्या दिव्याचा झोत टाकण्यास मनाई आहे. पुष्कळ प्रवासी यावर कुरकुरतात. पण आपली सोय थोडी सोडण्याची तयारी, हाच आजच्या प्रेक्षकाचा अधिकार होय. तो जातीने मिळत नाही, पैशाने मिळत नाही, आणि विद्वत्तेनेही मिळत नाही. इतिहासाचे अक्षरही न वाचलेली म्हातारी हात जोडून दूर उभी राहते, तेव्हा तिच्यापाशी तो असतो.

ज्याने पूर्वी दिले त्याचे ऋण आपण फेडू शकत नाही, कारण तो आता घेण्यास नाही. जो अद्याप जन्मावयाचा आहे त्याच्यासाठी राखून ठेवणे, एवढीच त्या ऋणाची फेड आपल्या हाती आहे. एका दिवसात तिन्ही स्थळे उरकण्याऐवजी त्यांतील एकापाशीच थांबावे, आणि तेथेही हात मागे बांधून पाहावे, इतके साधले तरी त्या फेडीस आरंभ झाला असे म्हणता येईल.