सत्पात्री दान आणि फोनवरचा गोड आवाज



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. मोबदल्याच्या आशेनं किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं ते राजस. अयोग्य जागी आणि वेळी, अपात्राला, अनादराने आणि तुच्छतेने दिलेलं ते तामस.

वाचताना मला आमच्या सोसायटीतल्या एक आजी आठवल्या. त्यांना दुपारी फोन यायचा. "आजी, चार वर्षांचं लेकरू आहे हो, उद्या ऑपरेशन आहे, पाचच हजार कमी पडतायत." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि क्यूआर कोड. आजींनी दिले. मग कधी गोशाळा, कधी अन्नदान. एकदा देणाऱ्याचा नंबर असे लोक सोडत नाहीत. शेवटी पासबुक पाहून मुलगा ओरडला, "एवढं कसं कळत नाही तुला?" त्या आषाढीला दिंडीसाठी शिधा मागायला आम्ही गेलो, तर आजींनी दारच उघडलं नाही.

आता सांगा, आजींचं दान तामस का? अपात्राला गेलं, हे खरं. पण अनादर, तुच्छता? त्यांनी तर दोन्ही हात जोडून दिलं होतं. तुच्छता आली ती नंतर, घरातल्या माणसाच्या तोंडून. आणि 'आत्ताच्या आत्ता पाठवा, नाहीतर बाळ जाईल' अशी घाई करून जे काढून घेतात, तिथे देणाऱ्याच्या मनाला क्लेशच असतो. म्हणजे तो फोनवाला पैसे तर नेतोच, पण आजींच्या सात्त्विक भावालाही राजस करून टाकतो.

रावण सीतामाईकडे आला तो संन्याशाचं रूप घेऊन. दारी आलेल्या अतिथीचा सत्कार करायचा, हा तिचा धर्म होता आणि त्याच धर्माचा त्याने फायदा घेतला. म्हणून रामायण वाचताना 'सीतेला अक्कल नव्हती' असं आपण म्हणतो का? पाप वेष घेणाऱ्याचं. अयोध्येच्या मंदिराच्या नावाने क्यूआर कोड पाठवून पैसे मागणारे निघाले, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये विश्व हिंदू परिषदेला लोकांना सावध करावं लागलं होतं. रामाच्या नावाने लुटायला जे कचरत नाहीत, ते आजाऱ्याच्या नावाने काय कचरणार?

मग पात्र ओळखायचं कसं? ज्यांना हे फोन येतात त्यांच्या हातात मोबाईल आपणच दिलाय, तर विवेकाचं हे काम आपण त्यांच्यासोबत बसून करायला हवं. फोन चालू असताना पैसे द्यायचेच नाहीत. संस्थेचा नंबर स्वतः शोधून आपण फोन करायचा. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारायचा. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की कुणा माणसाचं, ते बघायचं. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर तक्रार करायची. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. खऱ्या संस्थेला तुमच्या चौकशीचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याने आपली पात्रता स्वतःच सांगितली.

पण याहून मोठं काम म्हणजे त्यांचा देता हात बंद होऊ न देणं. आजी फसल्या, यात पैशांचं नुकसान झालं. आजींनी द्यायचंच सोडलं, हे त्याहून मोठं नुकसान. कारण उद्या खरंच एखादं लेकरू दवाखान्यात असेल, तेव्हा ते दार बंद असेल.

आजचा संकल्प: आज घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना फोन करा. "कुणाला पैसे दिलेस?" असं दरडावू नका. "या महिन्यात आपण मिळून कुणाला देऊया?" असं विचारा. संस्था दोघांनी मिळून निवडा, पैसे त्यांच्याच हातून जाऊ द्या.

पांडुरंगा, आमच्या वडीलधाऱ्यांची दया अशीच राहू दे आणि त्यांच्या शेजारी बसायला आम्हाला वेळ दे.

रामकृष्णहरी!