शेजारतीनंतर

आपल्या मंदिराच्या ओट्यावर झोपेची गोष्ट निघाली की प्रत्येकजण उठण्याची वेळ सांगतो. एक म्हणतो, मी चारला उठतो. लगेच दुसरा, "आपलं तर साडेतीनलाच!" निजतो किती वाजता, हे मात्र कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. लवकर उठण्याला आपण पुण्य मानतो. माझा प्रश्न साधा आहे. ते पुण्य कुणाच्या झोपेतून येते? आपल्या की दुसऱ्याच्या?

आपले दैवत झोपेला कमी लेखणारे नाही. परंपरा सांगते की दत्तमहाराज स्नानाला काशीला जातात, भिक्षा कोल्हापूरला मागतात आणि निद्रेला माहूरला येतात. भिक्षेइतकेच निद्रेलाही ठिकाण नेमून दिलेले आहे. नरसोबाच्या वाडीला काय किंवा गाणगापूरला काय, दिवसाची सेवा शेजारतीने पुरी होते. पहाटेचा काकडा देवाला जागे करण्यासाठी आहे, आणि जागे करायचे तर आधी निजवलेले हवे. गुरुचरित्राचा सप्ताह बसला की पारायण करणाऱ्याने पोथीजवळ जमिनीवर डाव्या कुशीवर निजावे, अशी चाल आहे. सात दिवसांच्या कडक नेमातही झोप वगळलेली नाही.

घरी मात्र आपण काकडा ठेवला आणि शेजारती सोडून दिली. साडेदहापर्यंत मालिका, मग अंथरुणात पडून साडेअकरापर्यंत मोबाईल, आणि चारचा गजर. हिशेब केला तर साडेचार तास होतात. मग पारायणाला बसलेला माणूस चौदाव्या अध्यायात डुलक्या घेतो आणि शेजारचा त्याला कोपराने ढोसतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ब्राह्ममुहूर्ताचाही थोडा हिशेब करू. एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे सुमारे शहाण्णव मिनिटे आधी, ब्राह्ममुहूर्त सुरू होतो आणि पुढचा मुहूर्त लागला की संपतो. दत्तजयंतीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे मुहूर्त सव्वापाच-साडेपाचला लागतो आणि सहानंतर सरतो. वैशाखात सूर्य सहाच्या आत येतो, तेव्हा तोच मुहूर्त सव्वाचारच्या सुमारास लागतो. मार्गशीर्षाच्या थंडीत साडेतीनला उठून गार पाण्याने अंघोळ करणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे. ज्या वाग्भटाच्या नावाने आपण ब्राह्ममुहूर्त सांगतो, त्याने तिथे "स्वस्थ" माणसाने उठावे असे म्हटले आहे. आजाऱ्याला तो नियम लावलेला नाही. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितले. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार झोपणाऱ्याबरोबर फार जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे. पण कीर्तनात पहिलाच आळशी म्हणून ठोकला जातो, दुसऱ्याला शाबासकी!

आजचे डॉक्टर वेगळे काही सांगत नाहीत. शरीरातल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल मिळाले. शांत झोपेत रक्तदाब खाली येतो आणि हृदयाला उसंत मिळते. ती उसंत रोज तुटली तर रक्तदाब आणि साखर दोन्ही आवरत नाहीत. पासष्टीनंतरही सात-आठ तासांची गरज राहतेच. फक्त झोप हलकी होते, संध्याकाळीच डोळे मिटू लागतात, लघवीला दोन-तीनदा उठावे लागते. त्यात दुपारी पाऊण तास पडले तर अपराधी वाटून घेऊ नये, म्हाताऱ्यांना चरकानेच दिवसाच्या झोपेची मोकळीक दिली आहे. मात्र झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल तर अंगारा लावून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नये. रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले की उरलेले आयुष्य खाटेवर जाते.

आता दुसऱ्याच्या झोपेचे बोलू, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. आजोबा चारला उठतात. त्यांना अंघोळीला गरम पाणी लागते, नंतर चहा. पाणी कोण तापवते? रात्री सगळ्यांचे जेवण उरकून, भांडी घासून अकराला पडलेली सून. "आमची सूनबाई फार गुणाची, माझ्याआधी उठते," असे कौतुकाने सांगितले जाते. त्या घरातल्या काकड्याचे पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होते, हे चित्रगुप्तालाच विचारायला हवे.

आणि "हल्लीची पोरं नऊ नऊपर्यंत लोळतात" हे वाक्य. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ज्याची पाळी रात्रीची, तो पोरगा बिबट्याच्या भीतीने बॅटरी आणि काठी घेऊन बारे द्यायला जातो. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना आणली खरी, पण अजून रात्रीची पाळी सुटलेली नाही असे शेतकरी पुष्कळ आहेत. ज्येष्ठात भंडारदऱ्याला काजवे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा वाट दाखवणारी, गाड्या लावून देणारी, भजी तळणारी सगळी आपल्याच भागातली मुले असतात. मध्यरात्र उलटल्यावर घरी आलेल्या मुलाचे पांघरूण सकाळी सहाला ओढणे ही शिस्त नव्हे. वाग्भट सांगतो की सवय नसताना रात्री जागरण झाले तर जागलेल्या वेळाच्या निम्मे सकाळी उपाशीपोटी झोपावे. मुंबई उच्च न्यायालयाने तर एप्रिल 2024 मध्ये, तपास यंत्रणेने एका माणसाला रात्रभर बसवून जबाब घेतला तेव्हा, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगितले. आरोपीला जे मिळते ते घरच्या पोराला मिळायला हरकत नसावी. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद ठेवण्याचा कायदा 2000 सालापासून आहेच. काकडा कर्ण्याशिवायही देवापर्यंत पोचतो.

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांतली पिंगला आपण चटकन पुढे ढकलतो, कारण ती वेश्या. भागवताच्या एकादश स्कंधात तिची कथा आहे, आणि नाथांनी 1573 मध्ये काशीत पुरी केलेल्या भागवतटीकेत ती मराठीत आली. विदेहनगरीतली ही बाई नटून दारात उभी राहते. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण तिला पैसेवाला गिऱ्हाईक वाटतो. तो निघून जातो, मग पुढचा येईल. आत जाते, बाहेर येते, मध्यरात्र होते. शेवटी तिला स्वतःचाच वीट येतो, ती आशा सोडते आणि सुखाने झोपते. अवधूताने तिला गुरू केले ते या झोपेसाठी.

आज अशी दारे घरोघर आहेत. मुलगा परदेशात, तिकडे दिवस असतो, म्हणून फोन उशाशी. वाजला नाही तरी तासातासाने उघडून बघायचा. कुणाचा बांधाचा दावा चाललेला, वकिलाचा निरोप यायचा असतो. कुणाला रात्री बारालाच "शुभ रात्री"चे चित्र पाठवायचे असते! कुणी म्हणेल, पिंगलेला मूलबाळ नव्हते, आईबापांनी आशा कशी सोडायची? बरोबर आहे. मुलावरची माया सोडा असे मी म्हणत नाही आणि ती सुटणारही नाही. पण फोन स्वयंपाकघरात ठेवून निजता येते. मुलाला रविवारची सकाळ ठरवून देता येते. पिंगलेने फक्त दारात उभे राहणे थांबवले होते.

यंदाच्या सप्ताहासाठी विश्वस्तांना आणि पहारेकऱ्यांना एक विनंती आहे. वीणा अखंड राहते ती माणसे बदलतात म्हणून. एकाच माणसाने रात्रभर जागावे असे कुणी सांगितलेले नाही. तेव्हा यादी करताना साठीच्या पुढच्यांना संध्याकाळचे किंवा सकाळचे प्रहर द्यावेत. मध्यरात्रीचे प्रहर तरुणांनी घ्यावेत, पण ज्याची शेताला पाणी द्यायची पाळी त्याच रात्री असेल त्याला सोडावे. दोन ते चार ज्याच्या नावावर असेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत कुणी वर्गणीला जाऊ नये, हे फळ्यावर लिहावे. आणि पहाटे मंदिरात चहा करायचा तर तो आम्ही म्हाताऱ्यांनी करावा. आम्हांला नाहीतरी जाग आलेलीच असते.