बैलाचा पोळा आणि गड्याचा विसावा

पोळ्याच्या दिवशी हिमायतनगराच्या पंचक्रोशीत बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आदल्या सायंकाळी खांदेमळणी करून तूप-हळद चोळतात. हे पाहून आम्हांस अनुवादाचा पाचवा अध्याय आठवतो. तेथे विसाव्याची आज्ञा घरधन्यास दिली आहे. आणि त्याने विसावा द्यावयाचा तो दासास, दासीस, बैलास, गाढवास व वेशीच्या आतील परक्यासही. कारण इस्राएल लोक स्वतः मिसर देशात दास होते.

बैलास पोळा आहे, गड्यास काय? मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी आपोआप लाभली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून ती मागितली, तेव्हा १८९० साली मालकांनी मान्य केली. आपल्याकडे कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. तिचे हात थांबले की चूल थांबते. तिला नुसते ‘उपासनेस या’ म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या शेतात मजूर राबतात त्यांनी शनिवारीच मजुरी चुकती करावी, आणि त्या दिवसाचा भार थोडा आपणही सोसावा.

आज्ञेत पत्नीचे नाव नाही, म्हणून रविवारी पाहुण्यांच्या भाकरी तिनेच थापाव्या काय? पाणी पुरुषांनी आणावे. यात लाज कसली?

उपदेशक बंधूंनो, तुम्हीही थकता. एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्यास उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले.