मालकाचं खातं

सुरतजवळ, कामरेज चार रस्त्यापाशी, एका सोसायटीत शिंदखेड्याहून आलेलं एक कुटुंब राहतं. आबा तरुणपणी भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत बसून इकडे आले, उधन्यात मागावर राबले आणि पुढे साडीवर भरतकाम करणारी दोन मशीनं घेऊन मालक झाले. मुलगा घरच्या कॉम्प्युटरवर डिझाइनचं पंचिंग करतो, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवतो, सून जॉबवर्कची बिलं आणि जीएसटी सांभाळते, नात बीसीए शिकते. पार्ट्यांचे मेल मात्र आबाच उघडतात.

नव्या कॉम्प्युटरवर विंडोज सुरू करताना जे पहिलं खातं तयार होतं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं. बहुतेक घरांत तेच सगळे वापरतात. नातीने तसं केलं नाही. अ‍ॅडमिनचं खातं तिने बाजूला ठेवलं, त्याचा पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवली आणि चौघांना चार साधी, म्हणजे स्टँडर्ड खाती काढून दिली. बिलं, पंचिंग, मेल सगळं त्यातून होतं. सगळ्या कॉम्प्युटरला लागू होईल असा प्रोग्राम टाकायचा किंवा मूळ सेटिंग बदलायचं, तरच पासवर्ड लागतो.

आबा दुखावले. "पैसे माझे, घर माझं, आणि परवानगी मीच मागायची?"

"आबा, प्रश्न तुमच्यावरच्या विश्वासाचा नाही. तुमच्या खात्यात चालणारा प्रोग्राम तुमच्या अधिकाराने चालतो. उद्या मेलमधून वाईट फाइल आली, तर तिलाही तुमचाच अधिकार मिळेल." सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी 1975 सालीच लिहून ठेवलंय, असं तिने सांगितलं, की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार असावा.

"मग पोरांना ठेव तसं. मला नको."

सुनेने नातीला डोळ्यांनीच गप्प केलं. आबांचं खातं अ‍ॅडमिन झालं.

पुष्कळ घरांत असंच चालतं, आणि मला ते फार घातक वाटतं. बंधन पोरांना, मोकळीक कर्त्याला. आणि अनोळखी माणसांची पत्रं उघडणारा तर कर्ताच असतो.

दिवाळीच्या सीझनच्या तोंडावर एका जुन्या पार्टीच्या नावाने मेल आला: नवा नमुना, आजच भाव कळवा. आबांनी फाइल उघडली. पडद्यावर प्रश्न आला, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? व्हिस्टापासून, म्हणजे 2007पासून, विंडोज हा प्रश्न अ‍ॅडमिनलाही विचारतं. पण त्याला नुसतं 'होय' दाबलं की पुरतं. आबांच्या बोटाला ती सवयच झाली होती.

तासाभरात एकही फाइल उघडेना. पडद्यावर डॉलरमधल्या खंडणीची चिठ्ठी. सुनेची बिलं, मुलाची डिझाइनं, नातीचा प्रोजेक्ट, सगळं कुलूपबंद. खाती वेगळी होती, पण अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम सगळ्यांच्या फोल्डरांत शिरू शकतो. विंडोजने जपलेल्या मागच्या प्रतीही त्याने पुसल्या होत्या.

खंडणी दिली नाही. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. भरलेल्या रिटर्नवरून सुनेने बिलं पुन्हा उभी केली. मशीनच्या पेनड्राइव्हवर डीएसटी फाइली सापडल्या. पण त्यात नुसते टाके असतात. बुट्टी नीट लहान-मोठी करायला मूळ डिझाइनची फाइल लागते, आणि मुलाच्या कित्येक वर्षांच्या त्या फाइली गेल्या त्या गेल्याच. तो आबांना एक शब्दही बोलला नाही. आबांना तेच जास्त लागलं.

कॉम्प्युटर पुसून नव्याने उभा केला, तेव्हा आबा नातीशेजारी खुर्ची ओढून बसले. "मला साधं खातं दे."

तिने दिलं, आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली: "साध्या खात्यातही वाईट फाइल चालली, तर तुमच्या स्वतःच्या फाइली जाऊ शकतात. बाकीच्यांच्या वाचतील, कॉम्प्युटर वाचेल. म्हणून दर शनिवारी सगळ्याची प्रत या डिस्कवर घ्यायची आणि वायर काढून ठेवायची." शनिवारचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं.

होळीनंतर तसाच मेल पुन्हा आला. यावेळी 'होय' पुरेना, पासवर्ड मागितला. वही कपाटात. आबा उठले, कपाटापर्यंत गेले, आणि तिथूनच पार्टीला फोन लावला. "शेठ, नमुना पाठवलात का?"

शेठने काहीच पाठवलं नव्हतं. त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर सकाळपासून बंद पडला होता.

आबांनी उघडलेला मेल तसाच बंद केला आणि नातीला हाक मारली. "रविवारी शेठच्या दुकानात जाऊन येऊ. तिथे चारही पोरांना साधी खाती आहेत म्हणे. तू आधी शेठचं साधं कर."