नाणे पारखून घ्या



कैसराला कर द्यावा की देऊ नये, हा पेच घेऊन परुशांची माणसे प्रभू येशूकडे आली, हा प्रसंग आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात ऐकतो. प्रभूने त्यांच्याशी वाद घातला नाही. कराचे नाणे दाखवायला सांगितले आणि त्यावर मुखवटा कोणाचा व लेख कोणाचा, एवढेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर नाणे हातात घेऊन नीट पाहावे लागते. आज आपणही तेच करू या.

ते नाणे म्हणजे रोमन साम्राज्याचा चांदीचा दिनार. बहुतेक अभ्यासक तो तिबेरियस कैसराचा मानतात. इ.स. १४ ते ३७ या काळात तिबेरियसने राज्य केले. प्रभूचे क्रुसावरील मरण त्याच्याच कारकिर्दीतले. दिनाराच्या एका बाजूला पानांचा मुगुट घातलेले कैसराचे मुख आणि भोवती 'दैवी ऑगस्टसचा पुत्र' अशा अर्थाची लॅटिन बिरुदावली असते. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री असते.

हे नाणे आपल्या देशाला परके नाही. भारतात, विशेषतः दक्षिणेत, जे रोमन दिनार सापडले त्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचेच सर्वाधिक आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी-वृत्तांतात पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावे येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. आपल्याकडून इंदापूर, टेंभुर्णी, बार्शी करत गेले की लागते. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवन दात्यांचे शिलालेख आहेत. तेव्हा 'नांगरताना रोमन नाणे सापडले' असे कोणी म्हटले तर ते अगदीच अशक्य नाही. नेमका याचाच फायदा ठग घेतात.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब असेच एक नाणे घेऊन आमच्याकडे आले. 'हे येशूच्या काळचे आहे, घरात ठेवा, भरभराट होईल,' असे सांगून विकणाऱ्याने दोन दिवसांसाठी ते त्यांच्याकडे ठेवले होते. उसाच्या बिलातून मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे त्याला हवे होते. "फादर, खरं असेल का हो?" घरची माउली विचारत होती. आम्ही म्हटले, पैसे द्यायची घाई नको, आधी पारखू या. बारामतीच्या सराफाकडचा काटा, एक भिंग आणि पेलाभर पाणी, एवढ्यावर काम भागले.

पहिली परीक्षा वजनाची. तिबेरियसच्या दिनाराचे वजन साधारण पावणेचार ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी. झिजलेला असेल तर आणखी थोडे कमी भरेल, पण जास्त भरायचे कारण नाही. हे नाणे साडेपाच ग्रॅम भरले. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून आकडा पाहतो. इथेही तसेच पाहायला हवे.

दुसरी परीक्षा कडेची आणि अक्षरांची. रोमन टाकसाळीत चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोडा मारत. त्यामुळे एका नाण्याचा ठसा जरा कडेला सरकलेला, तर दुसऱ्याची कड जरा चिरलेली. अगदी एकासारखे एक नाणे मिळत नाही. खोटे नाणे पुष्कळदा साच्यात ओततात. मग कडेवर जोडाची रेघ राहते, किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि अक्षरे वापरलेल्या साबणासारखी बोथट. एकाच साच्यातील दोन नाण्यांवर ओरखडासुद्धा त्याच जागी असतो. आमच्यापुढच्या नाण्यावर जोडाची रेघ भिंगाशिवायही दिसत होती.

तिसरी परीक्षा पाण्याची. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून पुन्हा वजन करायचे आणि जेवढे वजन घटले त्याने मूळ वजनाला भागायचे. चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास येते, तांबे असेल तर नऊच्या. या परीक्षेने नाण्याला काही अपाय होत नाही. चिंच, लिंबू, राख लावून घासले किंवा आम्लाचा थेंब टाकला, तर मात्र खरे नाणेसुद्धा बिघडते. आणि शेवटचा शब्द नेहमी नाणकशास्त्राच्या जाणकाराचाच.

त्या घरचे पैसे वाचले, फी भरली गेली. पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. नाणे खरे निघाले असते, तरी त्याच्यामुळे घरात कृपा आली नसती. कृपा विकत मिळत नाही. शिवाय जमिनीत पुरलेला ठेवा खरोखरच सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो गुपचूप विकता येत नाही.

पूर्वी आपल्याकडे सरकारी भरण्याचे पैसे पारखायला पोतदार असे. पाचव्या शतकातील मठवासी योहान कॅसियन सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनाचा असाच पारखी व्हावे. मनात विचार आला की चार गोष्टी पाहाव्यात: धातू खरा की मुलामा, मुखवटा खऱ्या राजाचा की बंडखोराचा, टाकसाळ अधिकृत की चोरटी, आणि वजन पुरेपूर आहे का. 'देवाच्या नावाने' म्हणून जे जे आपल्यापुढे येते, त्याला हे चारही प्रश्न विचारण्यात श्रद्धेचा अपमान नाही. वाजवून घेणे हे श्रद्धेचेच काम आहे.

रोमन काळातही खोटी नाणी होती. आत तांबे, वर चांदीचा पातळ पत्रा. नवे असताना ते खऱ्यासारखेच चमके. हाताळून झिजले की कैसराच्या गालावर, नाकावर आणि कडेला तांबूस रंग उघडा पडे. आपला धर्मही असाच घासला जाईल तिथे उघडा पडतो. रविवारी मंदिरात आपण सगळेच चमकतो. पण बांधाचा वाद, भावकीतली वाटणी, ऊसतोड मजुराची उचल, सुनेशी बोलताना निघणारा शब्द, इथे घर्षण होते. तिथे खाली काय दिसते?

याची दुसरी बाजू फार दिलासा देणारी आहे. खरा दिनार दोन हजार वर्षे मातीत पडून काळवंडतो, त्यावरचा चेहरा पुसट होतो, तरी त्याची चांदी चांदीच राहते. संत ऑगस्टीन सांगतात की कैसर जसा नाण्यावर आपली प्रतिमा शोधतो, तसा देव माणसात आपली प्रतिमा शोधतो. आपल्यापैकी कोणी दारूने झिजले असेल, कोणी कर्जाने खचले असेल, कोणी वर्षानुवर्षे प्रायश्चित्त संस्काराला आले नसेल. बंधू-भगिनींनो, काळवंडलेले नाणे खोटे नसते. त्याला खोटे ठरवून फेकू नका. स्वतःलाही नाही आणि शेजाऱ्यालाही नाही.

तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृतीही मिळाल्या आहेत. लोक त्या दागिन्यासारख्या वापरत. त्यांना कोणी खोटे नाणे म्हणत नाही, कारण माती असून चांदी असल्याचा आव त्या आणत नाहीत. खोटेपणा गरिबीत किंवा साधेपणात नसतो, तो फसवण्यात असतो.

या आठवड्यात रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारू या: आज मी जिथे घासला गेलो, तिथे माझ्यावर मुखवटा कोणाचा दिसला?

हे प्रभू, आमच्यावरची तुझी प्रतिमा आमच्या पापांनी पुसट झाली आहे. ती पुन्हा उजळ कर, आणि आमच्या भोळेपणाचा कोणी बाजार मांडू नये म्हणून आम्हांला पारखण्याची बुद्धी दे. आमेन.

आपले धर्मगुरू
अंथुर्णे