मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्याकडे घरोघरचे माळे खाली येतात. वर्षभर अंधारात पडलेल्या वस्तू अंगणात मांडल्या जातात, उन्हे खातात आणि त्यांतल्या बहुतेक पुन्हा माळ्यावर जातात. गेल्या वर्षी अशाच एका अंगणातून माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी एक पुस्तक घेऊन शाळेत आली. पुस्तक म्हणायचे ते सवयीने. पंचवीस-तीस पाने, दोऱ्याने शिवलेली. कोपरे उंदरांनी कुरतडलेले. मधल्या एका पानावर हळदीचा पिवळा ठसा. पानोपानी चित्रे होती. एका चित्रात पाखरांची शाळा भरली होती आणि बुलबुल मास्तरीणबाई झाली होती. मुखपृष्ठ कधीच गेले होते. आतल्या पहिल्या पानाचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता आणि त्यावर लेखिकेच्या नावाची शेवटची दोन अक्षरे : ‘बाई’.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणी वाचल्या, कोणी वाचल्या नाहीत. संशोधन हा शब्द माझ्या अंगाला होत नाही. पण त्या दोन अक्षरांनी मला झपाटले खरे. ही बाई कोण? पाखरांना पाटी-पेन्सिल देण्याचे हिला कसे सुचले? आणि आमच्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी एका घरात तीन पिढ्या हिची पाने उलटत असताना हिचे नाव कोणालाच कसे ठाऊक नाही?

मी शोधाला लागलो. रविवारी पनवेल गाठायचे, कधी मुंबई. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मी त्या निमित्ताने प्रथम हाताळली. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० एवढ्या काळातली मराठी पुस्तके नोंदवून ठेवणाऱ्या त्या माणसाच्या चिकाटीला मनोमन नमस्कार केला. पण सूची झाली तरी ती तुम्हांला आधी काहीतरी विचारतेच : नाव सांगा, निदान पुस्तकाचे शीर्षक सांगा. माझ्यापाशी दोन्ही नव्हते. छापलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याचा कायदा या देशात १८६७ सालचा होता. ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठविण्याचा १९५४ सालचा. ‘बाई’ या दोन अक्षरांपुढे दोन्ही कायदे हतबल झाले.

शोधता शोधता एक गोष्ट मात्र उमगली. मुलांची पुस्तके नाहीशी होतात ती दुर्लक्षाने होतात, असे मी समजत होतो. ते अर्धेच खरे. पुष्कळशी प्रेमाने नाहीशी होतात. अमेरिकेत सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ नावाचे मुलांचे पुस्तक निघाले. त्याच्या लक्षावधी प्रती पुढे खपल्या. पण पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. हाती लागलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ सालची आहे. मुलांनी ती वाचून, चघळून, फाडून संपविली. जे पुस्तक कोरे करकरीत टिकते ते बहुधा कोणी उघडलेलेच नसते. मग लेखकाचे भाग्य कशात मानायचे? टिकण्यात, की संपण्यात?

याच शोधात ताराबाई मोडक पुन्हा भेटल्या. पुन्हा म्हणतो, कारण मास्तरकी करणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक असतेच. १८९२ सालचा त्यांचा जन्म. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी भावनगरला काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, त्यांनी आदिवासी मुलांच्या दारात शाळा नेली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द आज खेड्यातली प्रत्येक आई उच्चारते, त्यांच्यामागे या बाईंची पुण्याई आहे. पण त्यांनी ‘नदीची गोष्ट’ लिहिली, ‘सवाई विक्रम’ लिहिले, हे किती जणांना ठाऊक आहे? मी दहा शिक्षकांना विचारले. दहाही जणांनी संस्था सांगितल्या, पुस्तक एकानेही सांगितले नाही. माझ्या हातातले पुस्तक ताराबाईंचे होते असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. मी एवढेच म्हणतो की, जिचे नाव सरकारदरबारी गाजले तिचीही गोष्ट जर विसरली जाते, तर बाकीच्या ‘बायांचे’ काय झाले असेल!

हा अन्याय आहे काय? एक मन म्हणते, नाही. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे कोण विचारतो? ओवी गोड लागली, दळण सरले, काम झाले. मुलाला तर लेखकाच्या नावाशी कर्तव्यच नसते. त्याला बुलबुल पाहिजे, बुलबुल काढणारा नको. ज्या लेखनाने आपले नाव विसरायला लावले, तेच खरे मुलांचे लेखन, असेही कोणी म्हणेल.

पण दुसरे मन ऐकत नाही. ओवी जन्मालाच बिननावाची येते. दळणारीने आपले कडवे घालून ती पुढे द्यावी, असा तिचा धर्मच आहे. छापलेल्या पुस्तकावर मात्र बाईने आपले नाव घातले होते. चूल, मूल, पै-पाहुणा सांभाळून, रात्री दिवा जवळ ओढून लिहिलेले ते असेल. तिने नाव सांगितले आणि आपण ते सांडले. मुलाने नाव विसरावे हा त्याचा हक्क आहे. पण त्याच्या वतीने कोणी तरी ते लक्षात ठेवले पाहिजे आणि ते काम थोरांचे. लेकराने वाटीभर दूध पिऊन पळून जावे. गवळ्याचे देणे बापाने द्यायचे असते.

इथवर माझा विचार सरळ चालला होता. पण हे देणे मी दुसऱ्याच्या खिशातून देऊ लागलो, ते माझ्या लक्षात आले नाही. पुस्तक जपले पाहिजे म्हणून मी ते शाळेच्या कपाटात कुलपात ठेवले. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत येई. “सर, माझं पुस्तक?” मी म्हणे, “काम चाललंय.” दोन महिने काम चालले. पुढे तिने विचारणे सोडले आणि मला, खरे सांगतो, सुटल्यासारखे वाटले.

संक्रांतीला तिची आजी वाटेत भेटली. मी मोठ्या उत्साहाने सांगितले, “आजी, तुमचं पुस्तक फार मोलाचं आहे. मोठ्या ग्रंथालयात देऊ या. काचेच्या कपाटात राहील.”

आजी जरा थांबली. म्हणाली, “मास्तर, तिथं पोरी त्याला हात लावतील ना?”

मला उत्तर देता आले नाही. मी हळदीच्या त्या ठशाकडे डाग म्हणून पाहिले होते. तो आजीच्या आईचा अंगठा होता. तिला वाचता येत नव्हते. ती लेकीला जवळ घेऊन नुसती चित्रे दाखवी.

इंग्लंडात आयोना आणि पीटर ओपी नावाचे जोडपे होऊन गेले. दोघांनी विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती. घर भरून त्यांनी मुलांची जुनी पुस्तके जमविली आणि सुमारे वीस हजारांचा तो संग्रह १९८८ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात गेला. ते न जमविते तर केवढे तरी नष्ट होते. म्हणून कपाटे हवीतच. पण कपाटासाठी मुलाचा हात रिकामा करावा लागतो ही सबब आता उरलेली नाही. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक आज घरबसल्या वाचता येतात. मग माझ्यासारख्या मास्तराला एका पुस्तकाची पाने टिपून घेणे अवघड होते काय?

एका दुपारी मी फोनवर एकेक पान टिपले, ठशासकट. पुस्तक नव्याने शिवले, खाकी कागदाचे वेष्टन घातले आणि मुलीला परत दिले. तिने वर मोठ्या अक्षरांत ‘पाखरांची शाळा’ असे नाव घातले. खाली ‘लेखिका’ असे लिहून पुढे रेघ मारली आणि रेघेच्या अगदी शेवटी ‘बाई’ लिहिले. आधीची जागा मोकळी सोडली.

“ती कशाला?” मी विचारले.

“तुम्ही शोधताय ना सर? सापडलं की लिहीन.”

यंदाही आमच्या शाळेच्या अंगणात मुलांनी मातीचा कर्नाळा केला आहे. सुळक्याच्या जागी एक उभा दगड रोवला आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो ढासळेल. पुढल्या वर्षी दुसरी मुले पुन्हा रचतील. गेल्या वर्षीचा किल्ला कोणी रचला, ते त्यांना ठाऊक नसेल आणि ठाऊक असायचे कारणही नाही. मला ठाऊक आहे. मी हजेरीच्या वहीच्या मागल्या पानावर त्या पोरांची नावे लिहून ठेवली आहेत. रविवारी पुन्हा पनवेलला जायचे आहे.